जुनं ऑल-इन-वन रंधा मशीन घेताना: रंग नको, बीड बघा

प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणजवळ घरामागे पत्र्याची शेड आहे, वीज सिंगल फेज, हातात ४५ हजार रुपये. फणस, आंबा, सागवान यांच्या चौकटी, खिडक्या आणि जमेल तसं फर्निचर करायचं आहे. कराडला एका बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं मशीन विकायला आहे. १२ इंची रंधा, त्यालाच करवत, आडवं भोक मारायची सोय आणि खाली थिकनेस, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करायची सोय. मालक ४२ हजार सांगतोय आणि म्हणतोय, नुकताच रंग मारलाय, नेऊन लगेच चालू करा. घ्यावं का, आणि बघायला गेल्यावर काय बघावं?

मी कोल्हापुरात २६ वर्षं सुतारकाम करतोय. या काळात पाच जुनी मशीन घेतली, तीन विकली. म्हणजे विकणारा काय लपवतो हेही मला ठाऊक आहे, कारण एकदा मीही थोडं लपवलं होतं.

आधी पैशाचं. ४५ पैकी ४२ मशीनलाच दिलेत तर तुम्ही फक्त लोखंड घरी आणाल, मशीन नाही. जुनं मशीन आणलं की बेअरिंग, पाती, पट्टे, वायरिंग, टेम्पो आणि चार माणसांची मजुरी हे सगळं लागतंच लागतं. त्यासाठी बारा-तेरा हजार आधीच बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. म्हणजे मशीनसाठी तुमची मर्यादा ३२ हजार. त्यावर मालक येत नसेल तर नमस्कार करून परत या. अशी मशीन दर महिन्याला कुठे ना कुठे निघतात. दसऱ्याच्या तोंडावर खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय शक्यतो कोणी मशीन हलवत नाही, पण दसरा उलटला की बरीच बाहेर येतात.

आता या मशीनची रचना समजून घ्या, कारण सगळी तपासणी तिच्यावरच बेतलेली आहे. आपल्याकडची बहुतेक जुनी ऑल-इन-वन मशीन राजकोट किंवा पंजाबातल्या बटाल्याच्या बाजूची असतात, आणि त्यांत कामं अनेक असली तरी शाफ्ट एकच असतो. मधे रंध्याचा ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता ठोकळा, त्याच शाफ्टच्या एका टोकाला करवतीचं पातं, आणि भोक मारायचा चक तोही याच शाफ्टवर. विकणारा ‘पाच मशीन एकात’ म्हणतो तेव्हा खरं तर एकाच दांड्यावर पाच कामं टांगलेली असतात. याचे तीन परिणाम होतात. करवत चालते तेव्हा रंध्याची पातीही फिरत असतात. करवतीचा वेग वेगळा ठेवता येत नाही. आणि सगळा भार दोन बेअरिंगवर येतो, त्यातही करवतीकडचं बेअरिंग आधी जातं, कारण पातं बेअरिंगच्या बाहेर लटकलेलं असतं. हे डोक्यात ठेवलंत तर मशीनपाशी उभं राहिल्यावर हात आपोआप योग्य जागी जाईल.

मी सगळ्यात आधी टेबल बघतो. मोटर नाही, पाती नाहीत, टेबल. बेअरिंग कुठल्याही बाजारात मिळेल, मोटर रिवाइंड होईल, पट्टा नवा येईल. पण पिळलेलं किंवा तडकलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, टेबल तुमच्या बजेटमध्ये दुरुस्त होत नाही. आमच्याकडे उद्यमनगरात टेबल ग्राइंडिंग करून देतात, पण ब्लॉकच्या पुढची-मागची दोन्ही टेबलं उतरवून, टेम्पोत घालून, घासून, परत आणून बसवण्याचा खर्च मशीनच्या निम्म्या किमतीत जातो. चिपळूणहून तर विचारच सोडा.

बीड की वेल्डिंग, हे पहिलं ठरवा. बिडाच्या टेबलाची खालची बाजू खडबडीत असते, वाळूच्या साच्याच्या खुणा दिसतात, आणि आडव्या-उभ्या ताणपट्ट्या ओतकामातच आलेल्या असतात. लोखंडी पाट जोडून केलेल्या टेबलाला खाली वेल्डिंगचे टाके दिसतात. वेल्डिंगचं टेबल वाईटच असतं असं नाही, पण ते नीट ताण काढून मशीनिंग केलेलं नसेल तर वर्षा-दोन वर्षांत हलतं. जुन्यात मी बीडच घेतो.

तडा शोधायची पद्धत अगदी गावठी आहे आणि ती चालते. आधी छोट्या पान्याने टेबलाला जागोजागी टिचकी मारा. निरोगी बीड घंटेसारखं खणखणतं, तडकलेलं किंवा ढिलं बीड ‘भद्‌’ असा आवाज देतं. संशय आला त्या जागी कापडाने रॉकेल चोळा, दोन मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची भुकटी लावा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडू ओढून घेतो आणि काळपट रेघ उमटते. विशेषतः जिथे टेबल खालच्या बैठकीवर सरकतं ती जागा, बोल्टच्या भोकांभोवती, आणि लाकूड टेकवायचा गाईड जिथे बसतो तिथे बघा. पिवळी रेघ दिसली तर तिथे पितळेने जोडलंय, म्हणजे कधीतरी टेबल तडकलं होतं.

आणि म्हणूनच ‘नुकताच रंग मारलाय’ हे वाक्य मला आवडत नाही. २०१२ साली मी एक हिरव्या हॅमरटोन रंगाचं सुंदर मशीन घेतलं. पावसाळा सुरू झाला आणि बैठकीच्या कोपऱ्यातला रंग पापुद्र्यासारखा उठला. खाली लांबी (पुट्टी) भरलेली, त्या लांबीखाली तडा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘तुम्ही आणताना आपटलं असेल.’ मी सिद्ध काय करणार? तेव्हापासून नवा रंग दिसला की मी खिशातून पान्याचं टोक काढतो आणि विकणाऱ्याच्या परवानगीने दोन-तीन नको त्या जागी रंग खरवडतो. तो ‘नको नको’ म्हणाला तर उत्तर मिळालंच.

गंजाला मात्र घाबरू नका. तुम्ही कोकणात राहता, गंज तुम्हाला नवा नाही. वरचा तांबडा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने दोन तासांत निघतो. खोलवर बारीक खड्डे राहिले तरी लाकूड त्यांवरून सरकतंच. गंजलेलं, न रंगवलेलं, धूळ खात पडलेलं बीड मला चकचकीत मशीनपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, आणि त्याचा भावही कमी करता येतो.

सरळपणा तपासायला तीन फुटी पोलादी पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच) न्या. गेज नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागदही चालतो. पट्टी टेबलावर लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर उभी ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा. तीन फुटांत केसभर फट दिसली तर चालेल. पोस्टकार्ड आत जात असेल तर नाही. ॲल्युमिनियमचा सेक्शन पट्टी म्हणून नेऊ नका, तोच वाकडा असतो. पीळ बघायला दोन दोरे घ्या आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखे ताणून बांधा. मध्ये ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. मग खालचा दोरा वर घेऊन पुन्हा बघा. एकात अंतर आणि दुसऱ्यात दाब दिसला तर टेबल पिळलंय.

हे एकेका टेबलाचं झालं. दोन्ही टेबलं एकमेकांना समांतर आहेत का, हे पट्टीपेक्षा लाकूडच जास्त खरं सांगतं. तीन फुटी दोन फळ्या सोबत न्या. मागचं, लाकूड बाहेर येतं ते टेबल पात्याच्या टोकाशी बरोबर जुळवा, दोन्ही फळ्यांची एकेक कड रंध्यावर मारा आणि त्या कडा एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा. मध्ये उजेड दिसला तर टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली आहेत. दोन्ही टोकांना उजेड दिसून मधे टेकत असेल तर टोकं वर आहेत. थोडासा दोष सरकत्या बैठकीखाली शिमपट्टी, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, देऊन काढता येतो, अर्ध्या दिवसाचं काम. मात्र टेबल वर-खाली करायचं चाक फिरवताना टेबल गचके खात असेल किंवा टोकाला हाताने दाबल्यावर हलत असेल तर बैठकीचे उतार झिजलेत. तिथे शिम फार दिवस टिकत नाही.

आता ब्लॉक. सगळ्यात आधी त्याचा आकार बघा. ब्लॉक गोल हवा. फार जुन्या मशीनला चौकोनी ब्लॉक असायचे. त्यात बोट गेलं तर ते नुसतं कापलं जात नाही, आत ओढलं जातं. माझ्या वडिलांच्या डाव्या हाताची करंगळी अशीच गेली. कारखान्यांच्या सुरक्षा नियमांतही हाताने लाकूड ढकलायच्या रंध्याला गोल ब्लॉकच असला पाहिजे असं आहे. चौकोनी दिसला तर बाकी काहीच तपासू नका, फुकट दिलं तरी घेऊ नका.

गोल असेल तर मेन स्विच काढून, पट्टा उतरवून ब्लॉक हाताने फिरवा. मुकाट, एकसारखा फिरला पाहिजे. खरखर म्हणजे बेअरिंग गेलं. मग करवतीच्या टोकाकडून शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली उचलून बघा. हाताला ‘टक’ जाणवला तर एक तर बेअरिंग गेलंय, नाही तर बेअरिंगची बैठक मोठी झालीय. पहिलं सोपं आहे. या मशीनांत बहुधा ६२०५ किंवा ६२०६ नंबरचं बेअरिंग असतं, म्हणजे शाफ्ट २५ किंवा ३० मिलिमीटरचा. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. चांगल्या कंपनीचं घ्या, रस्त्यावरची नक्कल नको, आणि एक गेलं तरी दोन्ही बदला. दुसरं कठीण आहे. बेअरिंगची बैठक ढिली झालेली असेल तर काही लोक तिथे पत्र्याची पट्टी खोचून ठेवतात. ब्लॉक चार महिने गप्प बसतो, मग पुन्हा थरथरायला लागतो. बैठकीच्या कडेला पत्र्याचं टोक डोकावतंय का, बघा. शाफ्टच्या टोकाचे आटे झिजले नाहीत ना, नट शेवटपर्यंत बोटांनी बसतो का, हेही पाहून घ्या. तिथे पातं आवळलं जातं.

पाती बघताना धार बघू नका, रुंदी बघा. धार कोणीही लावून देईल. घासून घासून पातं इतकं अरुंद झालेलं असेल की ब्लॉकमधली पाचर त्याला नीट पकडतच नसेल, तर ते फिरताना निसटू शकतं. मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर निसटलेलं पातं कुठे जातं हे कोणाला बघायचं नसतं. पात्यांचा नवा संच १२ इंचाच्या लांबीत सहज मिळतो, त्याचे पैसे धरूनच चाला. पाचरीचे सगळे बोल्ट सुटतात आणि आवळले जातात का, एक-दोन फिरवून खात्री करा. डोकं गोल झालेला एकच बोल्ट पूर्ण संध्याकाळ खातो.

मग मशीन चालू करा. रिकामं दहा मिनिटं चालू ठेवा, मालकाशी गप्पा मारा. टेबलावर एक रुपयाचं नाणं उभं करून ठेवायचा प्रयोग आमच्याकडे सगळे करतात. मला तो जरा दिखाऊ वाटतो, पण नाणं लगेच पडत असेल तर थरथर नक्की आहे. त्यापेक्षा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवा आणि मूठ कानाला लावा. निरोगी बेअरिंग सरसरतं, गेलेलं बेअरिंग खडखडतं. दहा मिनिटांनी मशीन बंद करा आणि बेअरिंगच्या घराला हात लावा. कोमट चालेल, चटका नको.

मोटरचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि तुमच्या बाबतीत खरा अडसर तिथेच असणार. कारखान्यातलं मशीन म्हणजे मोटर बहुधा ३ एचपी, थ्री फेज. तुमच्याकडे सिंगल फेज. तीन मार्ग आहेत. एक, महावितरणकडे थ्री फेजसाठी अर्ज करणं. पण त्यात वेळ जातो, अनामत भरावी लागते आणि दरमहाचा स्थिर आकारही येतो. दोन, मोटर काढून २ एचपीची सिंगल फेज मोटर बसवणं. तीन, व्हीएफडी बसवणं, म्हणजे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह. तिसरा मार्ग ऐकायला छान आहे, पण सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह साधारण २३० व्होल्टचे तीन फेज देतो आणि तुमची मोटर ४१५ व्होल्टची असते. मोटरच्या नेमप्लेटवर २४०/४१५ असं दोन्ही लिहिलेलं असेल आणि डब्यात सहा वायरी बाहेर आलेल्या असतील तरच ती डेल्टात, म्हणजे कमी व्होल्टच्या जोडणीत, जोडून चालवता येईल. तीनच वायरी असतील तर मोटर उघडून आतला जोड काढावा लागतो. म्हणून तिथे गेल्यावर टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडून फोटो काढा. तुमच्या कामाला मला सरळ २ एचपीची सिंगल फेज मोटरच योग्य वाटते. १२ इंच रुंद सागवान एका वेळी तीन मिलिमीटर काढायचा हट्ट धरला नाहीत तर २ एचपी पुरते. जुनी थ्री फेज मोटर मालकालाच परत द्या आणि तेवढे पैसे कमी करून घ्या.

मोटर बदलताना एक घोळ हमखास होतो. मोटरच्या फेऱ्या आणि पुली यांची जोडी असते. समजा मूळ मोटर २८८० फेऱ्यांची, तिच्यावर ५ इंची पुली आणि ब्लॉकवर ३ इंची. म्हणजे ब्लॉक ४८०० फेऱ्यांवर फिरतो. आता कोणी स्वस्तात मिळाली म्हणून १४४० फेऱ्यांची मोटर त्याच पुलीवर बसवली, तर ब्लॉक २४०० वर येतो. मशीन चालतं, आवाजही छान मऊ येतो, पण लाकूड कापलं न जाता चावलं जातं. गाठीजवळ तर ढलप्या उपटून निघतात. बरीच ‘नुसती धार गेलेली’ मशीन प्रत्यक्षात अशी असतात. हिशोब तिथेच करा: मोटरच्या फेऱ्या गुणिले मोटरची पुली भागिले ब्लॉकची पुली. उत्तर चार ते सहा हजारांत यायला हवं. उलट्या बाजूने, करवतीच्या पात्यावर जास्तीत जास्त किती फेऱ्या चालतील हे छापलेलं असतं. शाफ्टचा वेग त्याच्या आतच हवा. मोठं, १४ इंची पातं लावायचा मोह याच कारणासाठी टाळा.

मूळ मोटरच ठेवणार असाल तर तिचा वास घ्या. जळका, गोडसर वास म्हणजे वाइंडिंग एकदा तापलेलं आहे. नेमप्लेट नसेल तर ती रिवाइंड झालेली धरा. रिवाइंडिंग पाप नाही, फक्त तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरली का ते विचारा. उत्तर खोटं असू शकतं, म्हणून वायरमन मित्राकडून टोंग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) मागून न्या आणि चालू मशीनवर करंट मोजून नेमप्लेटच्या आकड्याशी ताडा. रिकाम्या चालीतच पूर्ण भाराइतका करंट घेत असेल तर मोटर आजारी आहे.

शेडपर्यंतच्या वायरीचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना दहाएक अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर पाचपट. घराच्या मीटरपासून शेड ४० मीटरवर असेल आणि अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर टाकलीत, तर सुरुवातीच्या त्या क्षणी ३० व्होल्ट वायरीतच खाल्ले जातात. गावाकडे आधीच व्होल्टेज कमी, त्यातून ३० गेले की मोटर घुमत राहते आणि कपॅसिटर उडतो. चार स्क्वेअर टाका. अर्थिंग वेगळं करा. आणि साधा फिरवायचा स्विच न ठेवता नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा. लाईट जाते, तुम्ही पात्यांवर अडकलेला भुसा काढायला हात घालता आणि लाईट येते. कोकणात हे पावसाळ्यात रोजचं आहे. नो-व्होल्टचा स्टार्टर लाईट आली तरी तुम्ही बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होऊ देत नाही.

थिकनेसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. विकणारा त्याचे वेगळे पैसे लावतो, पण जुन्या मशीनमधला सगळ्यात आधी मरणारा भाग तोच. आत ओढणारा दातेरी रोलर झिजतो, साखळी ढिली होते, स्प्रिंग गंजतात, आणि हे सुटे भाग ठरावीक नंबरांवर मिळत नाहीत, लेथवर करून घ्यावे लागतात. तपासणी सोपी आहे. एकाच फळीतून चिरलेल्या दोन पट्ट्या घ्या, एक टेबलाच्या डाव्या कडेला, दुसरी उजव्या कडेला ठेवून एकदम आत सोडा. बाहेर आल्यावर दोन्हींची जाडी व्हर्नियरने मोजा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक टेबलाच्या खालच्या स्क्रूंनी निघतो. पट्टी मध्येच अडकत असेल, ढकलावी लागत असेल तर रोलर संपले. तसं निघालं तर थिकनेस नाहीच असं समजून किंमत बोला. चौकटीच्या कामात त्यावाचून अडत नाही. खिडकीच्या पट्ट्या एका जाडीच्या करायला मात्र तो असला तर सुख आहे, हे मान्य.

करवतीकडे बघताना टेबल वर-खाली होऊन घट्ट बसतं का, गाईड पात्याला समांतर राहतो का, एवढं पुरे. पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पट्टी जवळपास कुठल्याच जुन्या मशीनला शिल्लक नसते, कोणीतरी ‘आड येते’ म्हणून काढून टाकलेली असते. ती करून घ्या. फणसाची ओली फळी चिरताना चीर मिटते, पातं धरलं जातं आणि फळी उसळून पोटावर येते. पट्टी पात्याच्या जाडीपेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा पातळ हवी. आणि करवत चालवताना रंध्याचा ब्लॉक लाकडी झाकणाने पूर्ण झाकायचा, कारण तो तेव्हा फिरतोच आहे. भोक मारायच्या सोयीबद्दल इतकंच, की चकही त्याच वेगाने फिरतो, त्यामुळे साधं जाड ड्रिल जळतं. कुसवासाठी, म्हणजे सांध्याच्या जिभेसाठी, खाच पाडायला त्यासाठीचाच बिट वापरा आणि थोडं थोडं आत न्या.

प्लायवूड या रंध्यावर घालू नका, त्यातला गोंद साध्या पात्यांची धार अर्ध्या तासात खातो. सागवानात मुळातच वाळूचा अंश असतो, त्यामुळे धार फणसापेक्षा लवकर जाईल. मशीनचा दोष समजू नका.

कोणी तुम्हाला गुजरातेत अलंगला जहाजं तोडतात तिथून आलेलं विलायती मशीन दाखवेल. बीड उत्तम असतं, मन मोहून जाईल. पण जहाजावरची वीज बहुतेक वेळा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या ५० हर्ट्झवर ती मोटर सहाव्या हिश्श्याने हळू चालते आणि जास्त तापते. पाती आणि सुटे भागही वेगळ्या मापाचे. पहिलं मशीन म्हणून ते नको. अशा ठिकाणी छोटा बँडसॉ (पट्ट्याची करवत) स्वस्तात दिसला तरी थांबा. लाकूड चिरायच्या गिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, बँडसॉ त्यात मोडतो का हे तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या.

भाव करताना तळाचा आकडा भंगाराचा धरा. मशीनचं वजन गुणिले त्या दिवसाचा बिडाचा भाव. मालकाला तेवढे पैसे कोणीही देईल, म्हणजे त्याच्या खाली तो येणार नाही. माझी पद्धत अशी की तपासताना दोष तोंडाने बोलायचे नाहीत, वहीत लिहायचे, आणि शेवटी वही त्याच्यासमोर ठेवायची. बेअरिंग एवढे, पाती एवढी, मोटर तुम्हीच ठेवा. मोठ्याने दोष काढले की माणूस चिडतो. वही बघून तो हिशोब करायला लागतो. पैसे देताना साध्या कागदावर का होईना, मशीनचं वर्णन, असेल तर नंबर, आणि ‘यावर कोणत्याही बँकेचं कर्ज नाही’ हे वाक्य लिहून सही घ्या. बंद पडलेल्या कारखान्याचं मशीन बँकेकडे तारण असायची शक्यता असते, आणि मग ते तुमच्या शेडमधून उचललं जाऊ शकतं.

वाहतुकीत लोक मशीन टेबलाला दोर बांधून उचलतात आणि तिथेच सगळा सरळपणा घालवतात. दोर बैठकीखालून घ्या. जमलं तर मोटर आणि गाईड आधी उतरवा. कुंभार्ली घाटाची वळणं लक्षात घेऊन मशीन टेम्पोच्या केबिनला टेकवून, जाड लाकडी ओंडके अडकवून बांधा. उभं मशीन डोक्याकडे जड असतं. शेडमध्ये ठेवल्यावर पाणसळ लावून चारही पाय टेकवा. एक पाय अधांतरी राहिला तर तुम्ही कराडला तपासलेलं सरळ टेबल इथे पिळलेलं दिसेल, आणि तुम्ही मलाच शिव्या घालाल.

एवढं सगळं ऐकून ‘हे मशीन घ्यावं का’ याचं उत्तर: टेबल बिडाचं, बिनतड्याचं, न पिळलेलं आणि ब्लॉक गोल असेल, बेअरिंगची बैठक घट्ट असेल, तर ३० ते ३२ हजारांत जरूर घ्या, बाकी सगळं गेलेलं असलं तरी. टेबल, ब्लॉक, बैठक या तिन्हींपैकी एक जरी कमी पडलं तर २० हजारांतही नको.

आणि बघायला जायच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून एकच विनंती करा: मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. गार मोटर पहिल्या बटणाला कशी उचलते, हे तुम्हाला तिथे उभं राहून बघायचंय.